पळसाच्या पानांचे गोविंदराव

समुद्र ही ज्याची शय्या आणि सर्व जळे ज्याच्या पायाशी विसाव्याला येतात, त्या श्रीनारायणाला प्रथम वंदन करतो. माझे मेहुणे, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, कैलासवासी गोविंदराव यांचे पहिले मासिक श्राद्ध परवा डोंबिवलीस झाले. त्या निमित्ताने हे लिहीत आहे. गोविंदरावांच्या नावामागे 'कैलासवासी' हा शब्द माझ्या हातून आयुष्यात दोन वेळा लिहिला गेला. पहिल्या वेळी तो खोटा होता. लिहिणारा मीच होतो, आणि त्या एका शब्दाचे ओझे घेऊन मी आज पन्नाशीला पोहोचलो आहे. लिहिण्यात काही चुकले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. सकाळची पूजा आटोपून मी कल्याणच्या घरी पोथ्या बांधत बसलो होतो. सुभद्रा, माझी ही धाकटी बहीण, आली. डोंबिवलीहून एकटीच आली होती. चौरंगावर तिने एक लिफाफा ठेवला आणि बसली नाही. जहाज कंपनीचे पत्र होते. कोळसा भरून निघालेले मालवाहू जहाज पूर्वेच्या समुद्रात वादळात सापडून बुडाले, सात माणसे वाचली, त्या सातांत गोविंदराव नाहीत, असा मजकूर होता. मी दोनदा वाचला. वर पाहिले तेव्हा ती माझ्या हातांकडे पाहत होती.

"अण्णा, वाचून घे," ती म्हणाली. "पण पंचांग काढू नकोस."

तिने असे का म्हणावे, हे समजायचे तर मागे जावे लागेल...

गोविंदराव कल्याणचेच. वडील शाळामास्तर, घरात पोथ्या, पण या मुलाचा जीव यंत्रात. ठाण्याच्या एका कारखान्यात काम शिकला आणि तेथून थेट जहाजावरच्या इंजिनखान्यात गेला. स्थळ म्हणून त्यांचे नाव आले तेव्हा समुद्रगमनाचा दोष काढणारा आमच्या घरात मीच होतो. नुकते व्याकरण आणि धर्मशास्त्र संपवून काशीहून आलो होतो. विचारल्यावाचून निर्णय देण्याचे ते वय. गोविंदराव पाहण्याच्या कार्यक्रमात माझ्यासमोर बसले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अण्णा, दोष आहे खरा. पण तुमच्या घरातला गूळ कोणत्या तरी जहाजातून आलेल्या तराजूनंच तोलला असेल ना?" वडील हसले आणि लग्न ठरले. पुढे मी त्यांना एकदा विचारले, तुमचे नेमके काम काय? ते म्हणाले, जहाज कितीही मोठे असले तरी कुठून ना कुठून आत पाणी येतच असते. ते कुणाला दिसत नाही. खाली बसून ते सारखे बाहेर टाकत राहणारा एक माणूस लागतो, तो मी. पंपावरचा मिस्त्री, एवढीच त्यांनी स्वतःची ओळख आयुष्यभर सांगितली.

युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांची मुलगी शालू वर्षा-दीड वर्षाची होती. त्यांनी घरी यावे असे सर्वांना वाटे. ते एकदा आले, आठ दिवस राहिले, आणि धान्य न्यायचेच आहे तर कुणीतरी न्यायलाच हवे, असे म्हणून परत गेले. तिसऱ्या वर्षी शत्रूच्या पाणबुडीने त्यांचे जहाज बुडवले. कंपनीचे पत्र आले. सर्व खलाशी मृत मानण्यात येत आहेत, असे त्यात होते.

अशा प्रसंगी शास्त्र दोन वाटा दाखवते. मृत्यू निश्चित असेल आणि देह मिळत नसेल, तर पळसाच्या तीनशे साठ पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, मस्तकाच्या जागी नारळ ठेवावा, आणि पुढचे सर्व विधी करावे. परंतु माणूस केवळ नाहीसा झाला असेल, वार्ता कळत नसेल, तर बारा वर्षे वाट पाहावी. मला दोन्ही वाटा पाठ होत्या. सुभद्रेने मला त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता, कुणी पाहिलंय का त्यांना बुडताना? मी त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. कारण आतल्या खोलीत गोविंदरावांच्या मातोश्री अंथरुणावर होत्या आणि त्यांचे दिवस भरत आले होते. त्यांनी मला जवळ बोलावले होते. "शास्त्रीबुवा, मी बारा वर्षं कुठली थांबते? माझ्या देखत त्याला मार्गाला लावा. नाहीतर तिकडे गेल्यावर त्याला कुठं शोधू?" असे त्या म्हणाल्या, आणि मी निर्णय दिला. दया म्हणून दिला असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे पत्राच्या कागदावर शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे बहिणीचा प्रश्न मला लहान वाटला.

खडवलीच्या नदीकाठी तो विधी झाला. श्रावण होता, पळस हिरवागार. पाने मी स्वतः मोजली. मस्तकाला चाळीस, कंठाला दहा, छातीला वीस, अशी एकेक अवयवाची पाने दर्भाने बांधत गेलो आणि शेवटी दगडांवर माणसाच्या उंचीचे काहीतरी निजलेले दिसू लागले. मुलगा नव्हता. सुभद्रेने दर्भ माझ्या हाती देऊन अधिकार दिला आणि अग्नी मीच दिला. ओली पाने लवकर पेटेनात. फार धूर झाला. घरी परतल्यावर तिच्या कपाळाचे कुंकू पुसण्यासाठी शेजारच्या बायका धजेनात, तेव्हा तेही मीच... मोठा भाऊ म्हणून, शास्त्र जाणणारा म्हणून. ती हलली नाही, रडली नाही. मातोश्री त्यानंतर अकराव्या दिवशी अगदी शांतपणे गेल्या.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, माघातल्या एका दुपारी, शालू अंगणातून पळत आत गेली आणि आईला म्हणाली, "आई, दारात कुणीतरी आलंय. बाबांच्या फोटोसारखं आहे, पण म्हातारं आहे." सुभद्रा जात्यावरून उठली नाही, तिच्याने उठवेना, असे ती नंतर म्हणाली. गोविंदराव स्वतःच आत आले. बुडणाऱ्या जहाजातून होडीत, होडीतून शत्रूच्या हाती, तेथून पूर्वेकडच्या एका कैदी छावणीत, आणि युद्ध संपल्यावर कित्येक महिने रंगूनच्या रुग्णालयात, असा त्यांचा प्रवास झाला होता. छावणीतून लिहिलेले एकही कार्ड पोहोचले नव्हते. भिंतीवरच्या आपल्या फोटोला घातलेला सुकलेला हार त्यांनी पाहिला. "हार बरा होता दिसतो," म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून, "आई कुठं आहे?" असे विचारले. तोवर मी पोहोचलो होतो. त्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडे आले.

ज्याचे अंत्यविधी झाले तो जिवंत परतला, तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. हे फार थोड्या पुरोहितांवर येते, आणि माझ्यावर ते माझ्याच चुकीने आले. तांब्याच्या मोठ्या घंगाळात पाणी आणि तूप घालून त्यात त्यांना बसवायचे, मंत्रपूर्वक बाहेर काढायचे, आणि जातकर्मापासून विवाहापर्यंतचे सर्व संस्कार पुन्हा करायचे. गुडघे पोटाशी घेऊन, अंगभर तूप माखून गोविंदराव घंगाळात बसले होते. अंगावर नुसती हाडे. "अण्णा," ते म्हणाले, "आता जन्मलोच आहे तर एक विचारतो, दूध कोण पाजणार?" सुभद्रेने पदर तोंडावर घेतला. हसली की रडली, मला कळले नाही. नाव ठेवायला आत्या नव्हती. बायकोने नाव घ्यायचे नाही. तेव्हा शालूने बापाच्या कानात 'गोविंद' असे सांगितले आणि पाठीत बुक्काही मारला. तिला फार मजा वाटली. आईबापांच्या लग्नाला हजर असलेली ती गावातली एकटीच मुलगी, असे गोविंदराव पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

परंतु मधे मौंजीबंधन होते, आणि त्यात मातृभोजन असते. बटू आईच्या पंक्तीला शेवटचा बसतो. मी ती जागा विसरलो होतो. पान मांडले, समोर आईचे पान मांडले, आणि तेथे कुणी बसेना. गोविंदरावांनी त्या रिकाम्या पानाकडे पाहिले.  मग त्यांनी पानातले मूठभर पोहे उचलले आणि कुणाचे लक्ष नाही असे पाहून उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवले. छावणीत लागलेली सवय होती ती. समोरचे अन्न सगळे संपवायचे नाही. एक मूठ अंगाशी ठेवायची. मी ते पाहिले, सुभद्रेनेही पाहिले. त्याच आठवड्यात तिने मांजरपाटाची हातभर नाडी असलेली एक लहान पिशवी शिवली, आतून मेणकापड लावले, आणि तीत भाजके पोहे आणि गूळ भरून त्यांच्या हाती दिली. ती पिशवी त्या दिवसापासून गळ्यात किंवा कमरेला. अंघोळीला जाताना ती मोरीच्या खुंटीवर, नजरेसमोर. शालूने एकदा खेळताना हात लावला, तर जन्मात आवाज न चढवणारे गोविंदराव तिच्यावर ओरडले आणि मग संध्याकाळपर्यंत तिची समजूत काढत बसले.

त्या दुसऱ्या लग्नात मंगळसूत्र बांधून झाल्यावर, होमासमोरच, सुभद्रा मला म्हणाली, "अण्णा, पुन्हा माझं कुंकू तू पुसायचं नाहीस. कोणत्याही शास्त्रानं." मी अग्नीच्या साक्षीने होकार दिला.

पुढची तीन वर्षे गोविंदराव कोलशेतजवळच्या एका कारखान्यात पंपावरच होते. खाडीचे पाणी यंत्रात घ्यायचे आणि पुन्हा खाडीत सोडायचे. त्यांना ते काम आवडले नाही. एकदा मी गेलो असता कुंपणापाशी उभे राहून खाडीकडे पाहत म्हणाले, "इथं मी पंप थांबवला तर कुणी बुडत नाही हो अण्णा." मला तेव्हा तो थकलेल्या माणसाचा विनोद वाटला. ते पुन्हा समुद्रावर गेले. सुभद्रेने अडवले नाही. निघताना पिशवी भरून दिली, एवढेच. वर्षातून एकदा ते येत. माझ्याकडे आले की माजघरात निवांत आडवे होत आणि विचारत, "काय शास्त्रीबुवा, आमच्या पहिल्या जन्माचं श्राद्ध या वर्षी केलंत की नाही?" मी ओशाळत असे. त्यांनी मला कधीही बोल लावला नाही. एकदाच, फार हळू म्हणाले होते, "आई निवांत गेली ना? मग झालं तर." हा एक शब्द मी आजवर जपून ठेवला आहे.

आता पुन्हा त्या कार्तिकाकडे येतो. पत्र चौरंगावर होते आणि सुभद्रा उभी होती. मी पंचांगाला हात लावला नाही. "बारा वर्षं थांबू," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि गेली. त्यानंतरचे दोन महिने फार जड गेले. सोयरे येत, घरात सुतक पाळले नाही म्हणून कुजबुजत. सात जणांत नाव नाही हे कंपनीने लिहून दिले असताना शास्त्रीबुवांसारख्यांनी असे करावे, याचे त्यांना आश्चर्य वाटे.  खरे सांगतो, या वेळी मला मृत्यू निश्चित वाटत होता, आणि तरी मी थांबलो होतो. मागल्या वेळी निश्चित नव्हता, आणि मी घाई केली होती. निर्णय देण्याची जागाच माझ्या आतून झिजून गेली होती. रोज संध्येला बसलो की तर्पणाच्या वेळी हात थबके. गोविंदरावांना पाणी द्यावे की न द्यावे? न द्यावे तर ते तहानलेले राहतील. द्यावे तर पुन्हा एकदा मी त्यांना मारीन. हात तसाच खाली येई.

पौषात रत्नागिरीकडचा एक खलाशी पत्ता विचारत डोंबिवलीला आला. नाव हसन. इंजिनखान्यात कोळसा टाकणारा, वाचलेल्या सातांपैकी एक. पाय मोडल्यामुळे दोन महिने मद्रासच्या रुग्णालयात होता आणि काठी टेकत आला होता. सुभद्रेने निरोप पाठवला म्हणून मीही गेलो होतो. त्याला कोठे बसवावे असा विचार माझ्या मनात आला, हे लिहायला मला संकोच वाटतो. पण तो विचार आला खरा. तेवढ्यात सुभद्रेने गोविंदरावांची आरामखुर्ची पुढे ओढली आणि त्याला तीत बसवले.

त्याने सांगितले ते असे. दोन दिवस वादळ होते. माल एका बाजूला सरकला, जहाज कलले, खालून पाणी भरू लागले. होड्या सोडायच्या तर जहाज थोडा वेळ तरी सरळ राहायला हवे होते, आणि ते पंप चालू असेतोवरच शक्य होते. इंजिनखान्यातल्या सर्वांना वर जाण्याचा हुकूम झाला. शिडीपाशी गोविंदराव हसनच्या मागे होते. वर पोहोचल्यावर ते थांबले आणि पुन्हा खाली जायला वळले.

सुभद्रा म्हणाली, "तुम्ही पाहिलंत त्यांना बुडताना?"

मी चमकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिने मला विचारला होता तोच प्रश्न. हसनने काठी बाजूला ठेवली.

"खोटं नाय सांगत ताई. बुडताना नाय पाहिलं. आमची होडी दूर गेली. अंधारून आलं होतं. फक्त खाली जाताना पाहिलं." मग त्याने सदऱ्यात हात घातला. "जायच्या आधी ह्ये माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, हसन, होडीत खायला काय नसतं, मला ठाऊक आहे. एका वेळी चिमूटभरच खा."

त्याने ती मांजरपाटाची पिशवी काढून तिच्यापुढे धरली. आमच्या होडीतल्या चौघांनी दोन दिवस त्यातलेच खाल्ले, तो म्हणाला, पण सगळे संपवू नका असे त्यांनी सांगितले होते म्हणून थोडे ठेवले. तळाशी मूठभर पोहे होते, समुद्राच्या ओलीने काळे पडलेले.

सुभद्रेने पिशवी हातात घेतली. नाडी बोटांवरून फिरवली.  मी मनातल्या मनात शास्त्रातली प्रमाणे जुळवत होतो. याने पाहिलेले नाही, हे प्रत्यक्ष नव्हे, म्हणजे अजूनही वार्ता संदिग्ध, म्हणजे बारा वर्षे... तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"अण्णा, ते गेले."

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "परत यायचं असतं तर त्यांनी ही कुणाला दिली नसती. शालूलासुद्धा हात लावू दिला नव्हता." आणि मग हसनला म्हणाली, "बसा हं तुम्ही. जेवून जायचंय."

तिने त्याला केळीच्या पानावर वाढले, समोर बसून वाढले. तो जेवत असताना त्याचा हात नकळत थांबला आणि त्याने शेवटचा घास कडेला सारून ठेवला. ते पाहून माझी बहीण त्या दिवशी प्रथम रडली.

संध्याकाळी अंगणात ती मला म्हणाली, "तू पानं आण. मंत्र म्हण. कुंकवाचं मी बघेन."

आम्ही पुन्हा खडवलीला गेलो. पानगळीचे दिवस होते. झाडावर जुनी, जाड, कडांना करपलेली पाने उरली होती आणि कुठेकुठे फांद्यांवर काळ्या कळ्या दिसत होत्या. पुरेशी पाने मिळायला दुपार झाली. या वेळी ती सुभद्रेने मोजली. एकेक पान उजेडाला धरून, किडके बाजूला टाकून, मोठ्याने मोजत होती, आणि मी दर्भाने बांधत होतो. छातीच्या पानांपाशी आल्यावर तिने पिशवीतले ते काळे पोहे काढून त्यांत ठेवले. असे कोठे सांगितलेले नाही. मी ते बांधून टाकले. अग्नी तिने दिला. मी नुसता मंत्र म्हणत राहिलो. पाने कोरडी होती, चटकन पेटली, धूर झाला नाही. परतताना आणि त्यानंतरही मी तिच्या कपाळाकडे पाहण्यासाठी मान वर केलेली नाही. परवा मासिकाच्या दिवशीही नाही. तो माझा अधिकार राहिलेला नाही, आणि तो गेल्याचे मला दुःख नाही. आता संध्येला तर्पणाच्या वेळी हात अडत नाही; पाणी सरळ खाली जाते.

परवा विधी आटोपून निघताना दाराजवळच्या खुंटीवर ती पिशवी पाहिली. धुतलेली, स्वच्छ, आणि भरलेली. मी चाचपून पाहिले. भाजके पोहे, गूळ. मी विचारले, ही आता कुणासाठी? सुभद्रा चुलीपाशी होती. मागे न पाहता म्हणाली, "येईल कुणीतरी भिजून."

वाचकहो, श्रीनारायण आपणां सर्वांचे आणि आपल्या घरादारांचे रक्षण करो. आपली माणसे दूर गेली असतील ती परत येवोत. आणि ज्यांना येणे होणार नाही, त्यांच्या हातची मूठभर शिदोरी दुसऱ्या कुणाला तरी किनाऱ्याला लावो. आपल्या दारातली खुंटी कधी रिकामी न राहो.